सासूबाईंच्या मनगटावरची गाठ

११ जानेवारी
आज पुन्हा नाही खाल्ली. अर्धी रोटी ओढणीत लपवली, मागच्या दाराने गेली आणि शेजारच्या संगीताबाईच्या गायीपुढे टाकली. कुणी पाहिलं नाही.

सासूबाईंच्या उजव्या मनगटाच्या पाठीवर गाठ आली आहे. बोराएवढी. दाबली की सरकते. शी! आणि आमचा धंदा लांब रोटीचा. ही रोटी लाटत नाहीत – भिजवलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात, पार कोपरापर्यंत, आणि मग चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकतात. म्हणजे प्रत्येक रोटी त्या गाठीवरून सरकते. मी समोर पार्सलं बांधते, मला रोज दिसतं. राजदीपने चार खाल्ल्या. त्याची आई आहे, त्याला काय.

लग्न जुळलं तेव्हा याच रोट्या डब्यात आल्या होत्या. मी एकटीने तीन खाल्ल्या होत्या.

१३ जानेवारी
आज कढी-भात. सुटली.

१६ जानेवारी
कॉलनीतली एक मॅडम पार्सल घ्यायला आली. सासूबाईंचा हात पाहून म्हणाली, "हे काय आहे हो? लागण तर नाही ना?" बांधलेलं पार्सल टेबलावर ठेवून निघून गेली.

सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मनगटाला गुंडाळली. ती पट्टी कणकेने ओली झाली, संध्याकाळपर्यंत तिला आंबूस वास सुटला. आधी गाठीची किळस होती, आता पट्टीचीही.

१९ जानेवारी
आज माझ्या ताटात दोन लाटलेल्या पोळ्या! राजदीपला रोटी, मला पोळ्या. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या माहेरी पोळ्याच करतेत ना. खाय."
पोटभर जेवली. बरं झालं.

२४ जानेवारी
दोन तारखेला कळंबमध्येच लग्नाचं जेवण आहे, दोनशे रोट्यांची ऑर्डर. मी सासूबाईंना म्हटलं, बिब्बा लावू. माझ्या आजोळी चामखीळ बिब्ब्यानेच घालवतात.

"दुखत नाही, खुपत नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे ना. काहून त्याच्या मांगं लागली?"
"गिऱ्हाईक पळून राह्यले, आई."

गिऱ्हाईक एकच पळालं होतं. खरं कारण मी बोलली नाही. बिब्ब्याला सुई टोचली, दिव्यावर धरला, काळं तेल सुटलं ते गाठीवर लावलं. त्यांनी हात पुढे करून ठेवला होता, लहान पोरीसारखा.

२६ जानेवारी
बिब्बा उतला. मनगटापासून बोटांपर्यंत हात टम्म. पाण्याने भरलेले फोड, काही फुटले, पिवळं पाणी गळतंय. रात्रभर खाजवून राह्यल्या होत्या, नखांत कातडी आली. मी कोमट पाण्याने धुवायला बसली आणि अर्ध्यातून उठून मोरीत ओकली. परत येऊन बसली तर त्यांनी हात पदराखाली घेतला. "राहू दे. मी धुते."

डाव्या हाताने कसं धुतलं असेल!

२७ जानेवारी
काल झेंड्याची सुट्टी, म्हणून आज पहिल्या एसटीने यवतमाळ. मोठा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि विचारलं, "बिब्बा कुणी लावला?"
मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "म्याच लावला."

मग त्यांनाच बोलणी बसली. "तरी बरं, बिब्बाच लावला. लोक वरवंट्याने फोडतात, दाभणाने टोचतात. आत पू झाला तर सांधा जातो."

गाठीच्या कडेला मोबाईलचा टॉर्च लावला. गाठ आतून लाल उजळली. ठोस गाठ अशी उजळत नाही म्हणे. आत फक्त घट्ट पाणी असतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं, सांध्यातून बाहेर आलेलं. गँगलियन म्हणतात. बोटांनाही होतात. कॅन्सर नाही. एकाची दुसऱ्याला लागत नाही. बऱ्याच तर आपल्या आपण जिरतात.

"म्हणजे काही केलं नसतं तरी चाललं असतं?" मी विचारलं.
"हो ना," बाई म्हणाल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं.

२ फेब्रुवारी
ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. मडकं थंड. मी दोन रोट्या करून पाहिल्या, दोन्ही हातावरच फाटल्या. सासूबाई पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून पाहत होत्या. "मनगट ढिलं सोड," म्हणाल्या. तीस वर्षं त्या हाताने हे केलंय. तो हात परत वळला नाही तर? हा विचार सारखा येतो आणि माझ्याच हातांची मला घाण वाटते.

९ फेब्रुवारी
ड्रेसिंग रोज मीच करते. त्या नाही म्हणतात, मी ऐकत नाही. आज ओकारी आली नाही.

२५ फेब्रुवारी
कातडी भरली. काळा डाग राहिला. मुठी वळतात. आणि गाठ जशीच्या तशी, बोराएवढी! बिब्ब्याने सगळं जाळलं, तिला सोडून.

आजपासून रोट्या सुरू. माझ्या ताटात पुन्हा पोळ्या.

३ मार्च
सासूबाई स्वतःच म्हणाल्या, चाल यवतमाळले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखते?" नाही. "हात वळवताना अडतं?" नाही. "मग कशाला काढता? सुईने पाणी काढलं तर निम्म्या जणांची पुन्हा भरते. ऑपरेशन केलं तर महिनाभर तरी काम बंद."
"सुईनं काढा," सासूबाई म्हणाल्या. "काढाच."

जाड सुई. सिरिंजमध्ये डिंकासारखं काहीतरी आलं, तार धरणारं. मी पाहत राह्यली. एवढंच होतं तर! चमचाभरही नाही. याच्यासाठी मी गायीला रोट्या घातल्या, माणूस भाजलं.

परतताना एसटीत त्या खिडकीकडे पाहत बोलल्या. "माही माय लोकायच्या वावरात जाय. पानी मांगलं तं वरून टाकत, वंजळीत. मी पदर धरून उभी राहो. तवापासून मले लवकर समजते, माणूस कवा हात आखडते ते."

मला का सांगितलं? मी काही विचारलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

१२ मार्च
गाठ परत आली. परवा हरभऱ्याएवढी दिसली, आज शेंगदाण्याएवढी. सासूबाईंनी सकाळीच पट्टी गुंडाळली. मी म्हटलं, "आई, पट्टी नका बांधू." त्या म्हणाल्या, "असू दे." ताटात पोळ्याच.

१९ मार्च
सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. मागच्या दारात संगीताबाई उभी, फडक्यात दोन गरम पोळ्या. मला पाहून गडबडली.

"तुह्या सासूले सांगू नको मी तुह्या हाती देल्ल्या म्हणून. जानेवारीपासून येऊन राह्यली ते. म्हणते, माह्या हातची सुनेच्या पोटात जात नाही, तू दोन लाटून देत जाय."

पोळ्या झाकून ठेवल्यात. चूल पेटवून मडकं तापत ठेवलंय. त्या येतील आता. मला त्यांच्या हातची रोटी मागायची आहे, आणि कोणत्या तोंडाने मागू ते समजून नाही राह्यलं.