इंगाच्या गाण्याची एमपीथ्री

सोमवार, ३ फेब्रुवारी. बाहेर उणे बावीस.
मेहुण्याला, सिगर्डला, रविवारी एक्याण्णव पूर्ण. नजर गेलीय. त्याची बायको इंगा दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं एकच गाणं उरलंय, मुलीच्या, ब्रिटच्या, फोनवर. ते आपल्या खोलीतल्या प्लेअरवर ऐकायचंय, एवढंच त्याचं मागणं. वृद्धाश्रमाचा प्लेअर फक्त एमपीथ्री खातो, ही फाइल दुसऱ्याच जातीची. ब्रिट म्हणाली, वर्लिनकाका, मी करते, दोन मिनिटांचं काम. म्हटलं, तू फक्त पाठव. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेत मी.

मंगळवार, सकाळ.
फाइलच्या नावाची शेपटी खोडून 'एमपीथ्री' लिहिलं. नऊ सेकंद. ब्रिटला दोन मिनिटं का लागतात कोण जाणे.

मंगळवार, दुपार.
वृद्धाश्रमात जाऊन लावली. प्लेअर मुका. बिघडलेला असणार. घरी माझी बायको, आर्डिस, म्हणाली, लोणच्याच्या बरणीवर जॅमची चिठ्ठी लावली म्हणून जॅम होतो का रे? भाऊ तिचा, म्हणून सोडून दिलं.

बुधवार.
तळ्यावर. बर्फात भोक पाडून गळ टाकला की मला सुचतं. मासा नाही. सुचणं उद्या.

गुरुवार.
फुकटचा कन्व्हर्टर उतरवला. पडद्यावर चौकट आली, बारीक अक्षरांच्या सात-आठ ओळी. न वाचता 'हो' दाबलं. वाचत बसणाऱ्यांची कामं होत नाहीत. फाइल तयार, शिवाय आधीपेक्षा किती आटोपशीर! पहिली ओळ ऐकली. शितावरून भाताची परीक्षा.

शुक्रवार.
संकल्प: पसारा नको. मूळ फाइल पुसली. ब्रिटला कळवलं, तुझा फोन भरलाय ना, तूही पुसून टाक. बरं काका, म्हणाली. गुणी पोर.

शनिवार.
वृद्धाश्रमातली नर्स म्हणाली, एकदा पूर्ण लावून बघू या का? नको म्हटलं. नवलाई जाते.

रविवार, ९ फेब्रुवारी.
कॉफी, केक, चर्चमधली निम्मी माणसं. सिगर्ड इस्त्रीचा शर्ट घालून प्लेअरला कान लावून बसला. इंगा गायला लागली. त्याचे ओठ हलायला लागले. मिनिटभराने ती ओळीच्या मध्येच तुटली आणि कुणी पुरुष म्हणाला, पुढचं ऐकण्यासाठी पूर्ण आवृत्ती विकत घ्या.
सिगर्ड तसाच वाट बघत राहिला. श्वास घेतेय का ती, म्हणाला.
मला खुर्ची टोचायला लागली.
ब्रिटने पर्समधून फोन काढला. बरं म्हटलं होतं काका, म्हणाली, पुसलं नव्हतं. तुम्ही करणार म्हटल्यावर कोण पुसेल?
तिने फोन त्याच्या कानाशी धरला. तिन्ही कडवी झाली. सिगर्डने सावकाश नाक पुसलं, म्हणाला, हे छान. आधीचं जरा वेगळं होतं, वर्लिन.
एक्याण्णव वर्षांत या माणसाने कशालाही वाईट म्हटलेलं नाही. सुनेच्या जळक्या केकलासुद्धा तो 'खमंग' म्हणतो. 'वेगळं' याच्याहून कडक शब्द आम्हा मिनेसोटाकरांकडे नाही.