प्रयागीची डाळिंबं

५ फेब्रुवारी १९९६, सांगवी
वहीबाई, मागच्या पानावर काय हाय सांग बरं? न्हाय ना आठवत. दिपालीनं उघडल्याबिगर तुझं तोंड उघडत न्हाय. मला अक्षर येत न्हाय, पर मी इसरत न्हाय. म्हणून नातीकडनं लिव्हून घेती — माझी धाकटी जाऊ प्रयागी आजारी हाय. अंगात रक्त सहा. बारा पायजे म्हणं. समदं घर तिच्याभवती.

७ फेब्रुवारी
इंदापूरहून तिच्या लेकीनं पेटीभर डाळिंबं आणली. अन् माझ्या म्हस्कूनं काकीसाठी बोकडाचं काळीज आणलं. माझ्या पोटचा पोरगा! मला म्हणतो, "आये, तुला काय धाड भरलीया? तू दगडावानी हायस." दगडाला ताट वाढायचं नसतं वाटतं.
न्हाईतरी पोटात आग हुती. चुलीपुढनं उठताना अंधारी आली, भिंत धरली. कुणी बघितलं न्हाय. प्रयागीला शिंक आली तरी चौघं धावत्यात.

८ फेब्रुवारी
गुडघा ठणकतोय. सकाळी कोऱ्या चाबरोबर दोन गोळ्या. रोजच्याच.

१० फेब्रुवारी
नर्सबाई आल्या. प्रयागी रडकुंडीला — "बाई, रक्ताच्या गोळ्या घेतल्यापासनं परसाकडला काळं हुतंय वो."
"लोहाच्या गोळ्यांनी होतं तसं, घाबरू नका." वर पाठीवरनं हात. मला राहवलं न्हाय. म्हणलं, "त्यात काय मिरवायचं? मला महिना झाला डांबरावानी काळं हुतंय, तिची एक गोळी न खाता. माझ्या अंगात लोखंड मुळचंच हाय."
प्रयागी हसली. नर्सबाई न्हाय हसल्या. माझी पापणी खाली वढून बघितली. गुडघ्याच्या गोळ्या मागितल्या. "आजी, उपाशीपोटी खाता?" मग म्हस्कूकडं वळून, "भाऊ, गाडी बघा. आत्ता."

१३ फेब्रुवारी, बारामती, दवाखाना
पोटात जखम. गोळ्यांनी झाली म्हणत्यात. आतल्या आत रक्त जात हुतं, तेच ते काळं. प्रयागीचं सहा, माझं चार. त्यातबी मीच वरचढ.
चढवलेली रक्ताची एक बाटली प्रयागीच्या लेकाची, सोपानची. प्रयागी सोता माझ्या उशाशी बसलीया, धापा टाकत. डाळिंबं घेऊन आलीया, सगळी पेटी.
दिपे, घरी सांग — मला गार दूध अन् मऊ भात, बिनतिखटाचा. काळीज शिजवून प्रयागीला धाडा. माझ्या वाट्याचंबी.