दोन डाव्या बाह्या

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. उद्या लिहू, परवा लिहू म्हणत टाळत राहिलो, कारण खोटं लिहायचं जिवावर आलं होतं. तब्येत झकास आहे, वेळेवर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? भाचीला फ्रॉक बसला का?

दुकान चालू आहे, पण भागीदार गेला. समोरच्या मोठ्या टेलरकडे नोकरीला लागला. जाताना म्हणाला, "तू मार गिऱ्हाइकांशी गप्पा. मला घर चालवायचंय." काचेतून रोज दिसतो, मान वर करत नाही.

कापायचा तो, शिवायचो मी. काल मीच शर्ट कापला. कापड उलटवायचं विसरलो आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या! हसत हसत "बघ रे" म्हणून वळलो, तर टेबलाशी कुणीच नाही. मग मशीनवर डोकं टेकून रडलो गं. आईला सांगू नकोस.

थांब, कुणीतरी आलंय.

अगं, त्याची आई! पिशवीसकट थेट गावाहून. त्याने तिला काहीच कळवलेलं दिसत नाही. माझ्यापुढे कापड ठेवून म्हणतेय, "दोघं मिळून शिवता ना, तसंच शिवून द्या. आणि आमचा कुठे गेलाय?"

काय सांगू तिला?

तुझाच,
धाकटा