निळोबाचा रंग

प्रिय निळोबा,

इकडेतिकडे बघू नकोस, निळोबा तूच. नाव मी ठेवलंय. रुग्णालयाच्या तपासणी विभागात तू काचपट्ट्यांवर निळा रंग चढवायचास, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू उठून दिसत. पण काचेपेक्षा तो तुझ्या बोटांवरच जास्त चढायचा. मी रिपोर्ट न्यायला खिडकीशी आले होते. तू कागद पुढे केलास आणि त्यावर तुझा अंगठा निळाशार उमटला. मी तुला अंगठाबहाद्दर म्हटलं, तू कानापर्यंत लाल झालास, आणि मी तिथेच अडकले.

मग मी रोज काही ना काही निमित्त काढून खिडकीशी यायला लागले. तुझ्या त्या मुक्या खोलीत माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचा नाही. म्हणून तूही मला एक नाव ठेवलंस. माझा कान धरून बटणासारखा फिरवायचास आणि आवाज कमी करायला सांगायचास. लग्नानंतर चारचौघांत मी तुला अहो म्हणायचे, दार लागलं की अरे. तू मात्र घरीदारी, पाहुण्यांसमोरसुद्धा, त्याच नावाने हाक मारायचास. एकदा लेकीच्या शाळेत, सगळ्या पालकांसमोर! मी घरी येऊन तुझ्याशी भांडले होते. आता वाटतं, भर बाजारात ओरड रे, पण मार हाक.

ते नाव इथे लिहीत नाही. थोडा धीर धर.

तू हळूहळू विसरायला लागलास. आधी किल्ल्या, मग घराचं वळण, मग लेक, मग मी. वाचन तेवढं शाबूत राहिलं. साबणाचा कागद, औषधाची बाटली, लिफ्टमधली सूचना, दिसेल ते तू खणखणीत आवाजात वाचतोस आणि सुरू केलेलं अर्धवट सोडत नाहीस. कामातही तू असाच होतास, हातातली काचपट्टी पूर्ण बघितल्याशिवाय जेवायला उठायचा नाहीस.

अशात डॉक्टरांनी सांगितलं की एका जुन्या रंगाची चाचणी चालली आहे. कधीकाळी तापावर देत असत म्हणे. मेंदूतल्या पेशींमध्ये जो गुंता होतो तो या रंगाने सुटेल, निदान वाढायचा थांबेल, अशी काही जणांना आशा होती. रंग कुठला, तर मिथिलीन ब्लू! तुझाच! मला हसू आलं आणि रडूही आलं. जन्मभर बोटांना लागलेला रंग आता डोक्यात शिरून तुला शोधून आणणार होता. काही जणांना खरं औषध, काही जणांना नावापुरती गोळी. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार होतं.

पण पहिल्याच आठवड्यात तुझी लघवी निळी झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झाकून ठेवा हवं तेवढं, मला कळलं! तूही खूश होतास. न्हाणीघरातून बाहेर येऊन रंग छान चढल्याचं मला ऐटीत सांगायचास, साहेबाला सांगावं तसं. तेवढ्यापुरता तू पुन्हा तू असायचास. रुग्णालयाच्या बाकावर एक मास्तरीणबाई भेटायच्या, भावाला घेऊन यायच्या. त्यांच्याकडेही निळंच. आम्ही दोघी पदराआड कुजबुजायचो आणि शाळकरी पोरींसारख्या हसायचो. डॉक्टर ताकाला तूर लागू देत नव्हते आणि आम्ही मनातल्या मनात इमले बांधत होतो. हुरळली मेंढी, दुसरं काय!

काल डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. नावापुरत्या गोळीतही चिमूटभर रंग घातला होता, नाहीतर लघवी बघून कोणीही ओळखलं असतं. तुला तीच गोळी होती. खरं औषध मिळालेल्यांनाही फारसा गुण आला नाही म्हणे. चाचणी संपली. मी डॉक्टरांवर चिडले नाही. ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त खाली मान घालून बसले होते. येताना तुझा हात धरला, तर तू वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत निघालास.

घरी आल्यावर चहा दिला, तर तू मला म्हणालास की बाई, तुमचे फार उपकार झाले. निळोबा, इतकं सभ्य बोलू नकोस रे माझ्याशी. मला सहन होत नाही.

आता गोळ्या नाहीत. सकाळी तू न्हाणीघरातून येशील आणि रंग कुठे गेला म्हणून विचारशील. मला सांगता यायचं नाही, म्हणून वर सगळं लिहिलंय. पण खरं कारण ते नाही. इतके दिवस मी तुला ते नाव एकदाही सांगितलं नाही. लेक म्हणायची, आई, आठवण करून दे ना. माझाच हट्ट, सांगून म्हणवून घेण्यात काय अर्थ, औषध लागू पडेल आणि एके दिवशी आपणहून म्हणेल. आता वाट बघायला काही उरलं नाही आणि हट्टही उरला नाही. उद्या चहाबरोबर हे पत्र तुझ्या हातात देईन आणि समोर बसेन, कान तुझ्या हाताला लागेल इतकी जवळ. नेहमीसारखं मोठ्याने वाच. कळलं नाही तरी चालेल, विसरलास तरी चालेल, मी रोज हाच कागद तुला देईन. फक्त मध्येच थांबू नकोस. शेवटच्या ओळीवर एकच शब्द आहे, तो तुझ्या आवाजात ऐकायला मी आसुसले आहे.

तुझीच,
रेडिओ