डॉक्टरांनी पाठवलेलं फळ

सदर, नागपूर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय गोपिकाताई,

नमस्कार. मी ठीक आहो. तू अन् बाबा कसे, हे विचारायलेच भीती वाटून राहिली.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. सध्या मी ज्यूसच्या दुकानात आहो. त्याआधी कूर्गले होतो, तिथं रस्त्यात हत्ती आडवा आला, ते मग सांगीन. तर इथं जिमवाले लोक अ‍ॅव्होकाडो खातात. वरून हिरवं, आत लोण्यासारखं. हृदयाले चांगलं, पोट साफ राहते, साखरही कमी. मले वाटलं, किडनीपायी बाबाचं केळं बंद, संत्रंही बंद. काटोलच्या माणसाचं संत्रं बंद म्हणजे राहिलं काय वं? निदान याची शिकरण तरी खातील.

परवा रोशन कंडक्टरनं घरी टोपली दिली ना, ती याच फळाची.

आज दुकानात एक आहारतज्ज्ञ बाई आल्या. मी त्याइले फळाचे गुण सांगून राहिलो होतो. त्या म्हणाल्या, "सगळं खरं, पण किडनीच्या पेशंटला चुकूनही देऊ नकोस हं. यात केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असतं. ते अंगात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात." गिऱ्हाइकाचा ज्यूस तसाच राहिला माझ्या हातात.

तुले निरोप द्यावा म्हणून घराशेजारच्या तुळसाबाईले फोन लावला. "मी कुहीले लग्नात आहो ना गा! काहून, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. काहून तसं म्हटलं, कोण जाणे.

फळं कडक होती, अजून पिकली नसतील. पण तांदळात ठेवा, लवकर पिकतात, असा निरोप मीच दिला होता.

अन् एक राहिलं. माझ्या नावानं आलेलं बाबा घरात ठेवत नाहीत. दिवाळीचं स्वेटर त्याइनं गड्याले देऊन टाकलं, मले समजलं. म्हणून रोशनले शिकवलं, "डॉक्टरसाहेबानं पाठवलं, रोज एक खायचं, असं म्हणजो." डॉक्टरचा शब्द बाबा कसा पाळतात, तुले माहीतच आहे.

उद्या पहिल्या बसनं रोशनच हे पत्र आणून देईल. वाचल्याबरोबर टोपली उचल. एखादं खाल्लं असेल तर लगेच दवाखान्यात ने, रक्त तपासायले सांग. बाबा ऐकले नाहीत तर समजावत बसू नको. फक्त सांग, हे डॉक्टरनं नाही, सौरवनं पाठवलं. मग ते हात लावणार नाहीत.

त्या घरात माझं नाव घेत नाहीत. आज घे ताई, मोठ्यानं घे.

तुझा
सौरव