हातात शिरलेला विस्तव

आई,

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. मी पुढं डॉक्टर झाले, ऑपरेशनच्या पेशंटना भूल देते, हे तुला ठाऊकच नाही. आज काम संपवून बाहेर आले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तू पडेगावच्या घरी आलीस, त्यानंतरची ती सकाळ अजून दिसते मला. मी नको नको म्हणत असताना तू परात पुढ्यात ओढलेली. भाकरी थापता थापता सांगतेस, "डोळे मिटत आले व्हते, तेवढ्यात सुईतून काय सोडलं की, पार दंडापर्यंत विस्तव गेला. हात वढला तर म्हणं, धरा हिला." तुझे कारभारी, आमचे दादा, दारात उभे. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आदल्याच वर्षी झालेलं. ते हसले. "मलाबी तशीच भूल दिली व्हती. काय नाय दुखलं. तुम्हा बायकांचं लई असतं." "मग मी खोटं बोलते व्हय?" तू विचारलंस. ते हसतच बाहेर पडले. तू तो विषय परत कधी काढला नाहीस.

ते औषध स्नायू सैल करायचं असतं, आई. शिरेत जाताना जाळत जातं. गाढ झोपेतली माणसंही हात ओढून घेतात, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त. असं का, हे अजून नीट उलगडलेलं नाही. पण मी ते नेहमी बघते.

आज करमाडची एक बाई होती, तुझ्या तेव्हाच्या वयाची. "हात धरून ठेवू का, मॅडम?" सिस्टरनं विचारलं. "नको, आधी शीर बधिर करू," मी म्हटलं. दंडाला पट्टा आवळून बधिरीचं औषध दिलं, जरा थांबले, मग पट्टा सैल करून ते जाळणारं सोडलं. तिचा हात चादरीवर तसाच निवांत पडून राहिला. जागी झाल्यावर विचारलं, तर म्हणाली, "नाय बाई, काय बी दुखलं नाय."

संध्याकाळी दादांना हे सगळं समजावून सांगितलं. आता त्यांना ऐकायला कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "म्हंजी ती खरंच बोलत व्हती." रात्री जेवले नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. वॉर्डात त्या बाईची मुलगी आईच्या कपाळावरचे केस मागं सारत बसली होती. माझं तिथलं काम संपलं होतं, तरी पाय निघेना. मला त्या पोरीचा हेवा वाटत होता.