मुलीच्या नाकारलेल्या परवान्याबाबत

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, धंदा शर्यतीचे घोडे तयार करणे (आता निवृत्त), तबेल्यात सगळे ज्याला वस्ताद म्हणतात तो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घोड्यांच्या डॉक्टरांचा थोडा आहे, तो पुढे येईलच. याआधी केलेले मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे.

माझे वारस दोन. थोरली मुलगी, वय एक्कावन्न, घोडे ने-आण करणारी मोठी गाडी चालवते. धाकटा मुलगा शाळेत गणित शिकवतो. त्याला लहानपणापासून घोड्याच्या वासाने शिंका येतात. पत्नी नऊ वर्षांपूर्वी गेली.

१. तबेल्यातल्या शेवटच्या ठाणावरची माझी घोडी डाव्या डोळ्याने आंधळी आहे. तिला खिळा लागला असे मी लोकांना सांगत आलो. ते खोटे आहे. तिच्या शेवटच्या शर्यतीआधी मीच जॉकीला बजावले होते, "वळणापासून हात थांबवायचा नाही." त्याने थांबवला नाही, आणि चाबकाचे टोक डोळ्यात गेले. घोडी पहिली आली. फोटोसाठी मी तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. ही घोडी मुलीच्या ताब्यात द्यावी. बँकेतली ठेव घोडी जगेल तोवर तिच्या दाणावैरणीला आणि औषधाला. उरेल ते दोन्ही मुलांना सारखे.

२. पुढे शर्यतीत चाबूक किती वेळा मारायचा यावर बंधन आले, तेव्हा मी भर सभेत उठून विचारले होते, "मग काय, घोड्यांच्या विनवण्या करायच्या?" सगळे हसले. समोरच्या तबेल्याचा ट्रेनर, घोड्यांशी लाडाने बोलतो म्हणून ज्याला आम्ही 'आईसाहेब' म्हणायचो, तो म्हणाला, "विनवण्या नकोत, वस्ताद. नीट शिकवलं तरी पुरतं." त्यावरून मी अकरा वर्षे त्याच्याशी बोललो नाही. त्याचेच खरे होते. वेळ मोजायचे माझे घड्याळ त्याला द्यावे. चाबूक कोणालाही देऊ नये आणि शोभेला भिंतीवर लावू नये.

३. माझे तीन खोल्यांचे घर एकट्या मुलीच्या नावे करावे. का, ते लिहिणे भाग आहे.

ती सात वर्षांची असल्यापासून घोड्यावर बसते. एकविसाव्या वर्षी तिने जॉकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. तोवर आमच्या मैदानावर एकही बाई शर्यतीत उतरली नव्हती. त्याच आठवड्यात सकाळच्या सरावाला आम्ही दोघे बरोबर निघालो. मी तबेल्यातल्या सर्वांत चांगल्या घोड्यावर आणि ती मालकाने टाकून दिलेल्या एका थकल्या घोड्यावर. तिने मला चार घोड्यांच्या अंतराने मागे टाकले. तिच्या हातात चाबूकही नव्हता. कठड्याला टेकलेला एक मालक ओरडला, "वस्ताद, आता तुम्ही तबेला झाडा, पोरीला बसू द्या!" एकच हशा पिकला. तीही हसली, पण माझ्याकडे बघून. मी शाबास म्हणेन असे तिला वाटले असावे. मी खाली मान घालून खोगीर सोडत राहिलो.

दोन दिवसांनी शर्यत समितीने ट्रेनर म्हणून माझे मत मागवले. मी लिहून दिले की मुलीला चक्कर येते, दोनदा घोड्यावरून पडली आहे, धोका पत्करू नये. तिला आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही. समितीला निमित्तच हवे होते; ते बापाने पुरवले.

अर्ज नामंजूर झाला, कारण कळवले नाही. ती रडली, तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि समितीला शिव्या घातल्या. तिची हाडे मोडू नयेत म्हणून हे केले, असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सांगत होतो. तसे नव्हते. लोक मला हसले होते, एवढेच.

गेल्या हंगामात आमच्याच तबेल्याच्या घोड्यावर बसून एका मुलीने मोठी शर्यत जिंकली. बायकांनी शर्यतीत बसण्याला नाके मुरडणारे आम्ही सगळे म्हातारे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. माझी मुलगी गाडी लावून शेजारी येऊन थांबली. म्हणाली, "बाबा, मी जरा लवकरच जन्मले, नाही का?"

मी "हो गं" म्हणालो. तीस वर्षांच्या खोटेपणात मला ते दोन शब्द सर्वांत जड जातात.

४. इथवर लिहून मी घोड्यांच्या डॉक्टरांना साक्षीला बोलावले. त्यांनी वाचले आणि चष्मा काढला. "हे तिला तुम्ही गेल्यावर कळणार? मग तिने भांडायचं कोणाशी, तुमच्या फोटोशी? आधी तिला सांगा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

रविवारी मुलगी आली. मी कागदच तिच्या हातात दिला. तिने उभ्यानेच वाचला.

"म्हणजे त्या समितीवर मी इतकी वर्षं उगाचच चिडले?"

"उगाच नाही. तेही तसलेच होते. पण सुरुवात माझी."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं." मग बराच वेळ ती गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत राहिली. "घर नको मला. घर देऊन हे मिटवायचं नाही."

"मग काय देऊ?"

"तिथल्या दप्तरात माझ्या नावापुढे चक्कर लिहून ठेवलीत ना, ती तुम्हीच काढून आणा. जिवंतपणी."

५. मी गेलो. समितीच्या कचेरीत आता नातीच्या वयाची सचिव आहे. ती म्हणाली, जुन्या दप्तरात खाडाखोड करता येत नाही, पण तुमचा जबाब त्याला जोडता येईल. मी तिच्यासमोर बसून लिहिले: माझी मुलगी मला हरवून पुढे गेली, म्हणून मी मत्सराने खोटे मत दिले. तिने वाचले, शिक्का मारला आणि विचारले, "आजोबा, पाणी देऊ?" माझ्याने वर बघवले नाही. शिक्का मारलेली एक प्रत सोबत जोडली आहे. दुसरी मुलीला नेऊन दिली. तिने ती घडी करून गाडीच्या खणात ठेवली, "घोडे चढवायचेत" म्हणाली आणि गेली.

६. सबब कलम तीनमधले घर मुलीने नाकारल्यामुळे पूर्णपणे मुलाला जावे. हे सगळे वाचून त्याने बहिणीला दोष देऊ नये, आणि माझी कीवही करू नये.

७. मुलीने मला माफ केले, असा अर्थ या कागदातून कोणी काढू नये. तसे ती म्हणालेली नाही आणि मी विचारलेले नाही. ती दर रविवारी येत असे. गेले तीन रविवार आलेली नाही. मी रविवारी घर सोडून कुठे जात नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली आहे. दोन्ही साक्षीदारांना यातून काही मिळत नाही.

सही: वस्ताद

साक्षीदार पहिले: घोड्यांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: जॉकींचे सदरे शिवणारे शिंपीकाका (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, रविवार